आजाऱ्यांच्या यादीतली एथ्ना

एथ्नाला काहीही झालेलं नव्हतं. साधं नाकसुद्धा गळत नव्हतं. तरी पाच महिने झाले, दर रविवारी फादर गिल्हूली आजाऱ्यांच्या यादीत तिचं नाव वाचत होते आणि अख्खं चर्च तिच्यासाठी मान खाली घालून प्रार्थना करत होतं.

झालं होतं असं. ईस्टरची सुट्टी संपली आणि एथ्ना म्हणाली, मी शाळेत जाणार नाही. सोळा पूर्ण झाली होती, कोणी कान धरून नेऊ शकत नव्हतं. तिची आई, नोरीन, आठवडाभर रडली आणि पुढचा आठवडाभर बोललीच नाही. मग दुकानात शेजारच्या अट्रॅक्टा मावशीनं विचारलं, "पोरगी दिसत नाही गं शाळेच्या बसला?" आणि नोरीनच्या तोंडून निघून गेलं, "ताप आहे तिला. तो ग्रंथी सुजतात ना, तो. लांबणार म्हणतात."

बस, एवढंच. पण अट्रॅक्टा मावशीच्या कानावर पडलेलं आजारपण कधी वाया जात नाही. रविवारपर्यंत नाव यादीत चढलेलं होतं.

तेव्हापासून एथ्ना घरात कोंडलेली. आजारी पोरगी सायकलवर कशी दिसेल? दुकानात कशी जाईल? ती मागच्या मागे गोठ्यात राबायची, दूध काढायची, कुंपणाच्या तारा ओढायची, आणि गल्लीत गाडी वळल्याचा आवाज आला की गमबुटांसकट वर पळत जाऊन पांघरुणात शिरायची. एकदा कोणीतरी आजार बरे करतो म्हणून जपलेला एका संताचा हातमोजा प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन आलं आणि अर्धा तास तिच्या कपाळावर ठेवून बसलं. पांघरुणाखाली तिच्या नखांत शेण होतं. दुसऱ्या कोणी लूर्द्सच्या तीर्थाचं पाणी आणलं, मरियामाईच्या आकाराच्या बाटलीत, माईचा निळा मुकुट म्हणजे बाटलीचं झाकण. चुलीवरच्या फळीवर 'तुझ्यासाठी चर्चमध्ये मिस्सा सांगितली' अशी पत्रं रांगेनं उभी होती. एथ्ना त्यांच्याकडे पाठ करून जेवायची.

आणि आता घरची मिस्सा, घरात होणारी उपासना, आली. वर्षाला एक घर अशी वाडीतल्या अकरा घरांत ती फिरते, त्यामुळे अकरा वर्षांनी एकदा आपल्या स्वयंपाकघरात फादर येणार, आपल्या जेवायच्या टेबलाची वेदी होणार, आणि सगळी वाडी येऊन आपल्या भिंती बघणार. नोरीननं सगळं घर रंगवून काढलं. कोळशाच्या खोलीच्या दाराची आतली बाजूसुद्धा.

"तिथं फादर कशाला डोकावतील?" एथ्ना म्हणाली.

"फादर नाही डोकावणार. अट्रॅक्टा डोकावेल."

बुधवारी फोन वाजला. फादर गिल्हूली म्हणत होते, घरी येतोच आहे तर पवित्र तेल घेऊन येतो, मिस्सेमध्ये एथ्नाला आजाऱ्यांचं तेलही लावून टाकू, सगळ्यांना बरं वाटेल. नोरीन "हो फादर, उपकार झाले फादर" म्हणाली आणि फोन ठेवून खुर्चीत बसली ती उठेचना.

"सांग त्यांना," एथ्ना म्हणाली.

"काय सांगू? पाच महिने लोक गुडघे टेकताहेत माझ्या शब्दावर."

"मग मी सांगते!"

"तू सांगितलंस तर मला चर्चच्या दारात पाय ठेवता येणार नाही, एथ्ना." मग आई हळूच म्हणाली, "हे बघ. बरी झाले म्हण. एवढंच म्हण. त्यात खोटं कुठं आहे? बरीच तर आहेस."

"आई!"

"बाबा, तुम्ही तरी काही बोला!" एथ्ना दाराकडे वळून ओरडली.

"मी गोठ्यात आहे," बाबा दारातूनच म्हणाले आणि खरंच गोठ्यात गेले.

एथ्नाला स्वतःचाच राग येत होता. चर्चमध्ये तिला जांभया यायच्या, जपमाळ चालू झाली की तिचे पाय वळवळायचे. मग एका बोटभर तेलाचं एवढं काय? पण आजोबांना शेवटच्या आजारात तेल लावलं तेव्हा ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. दोन दिवस मुठी आवळून पडलेला माणूस. फादरांनी कपाळाला लावलं, मग तळहातांना लावायला गेले तेव्हा त्या मुठी आपोआप उघडल्या. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेच तेल धडधाकट कपाळावर, खोट्या तापासाठी? नाही. ते जमणार नव्हतं. आणि आईला सगळ्यांसमोर नागवं करणं, तेही जमणार नव्हतं. तीन दिवस ती घरात गोल गोल फिरली. दोन कप फोडले.

शनिवारी अकराला माणसं जमायला लागली. टेबल विटांवर उंच केलेलं, पांढरी चादर, वर पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे तांबडा दिवा. आईनं एथ्नाला अंगावर शाल देऊन चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. चूल पेटलेली, वर लोकरी शाल. ती घामाघूम झाली.

"बघा कशी तापलीय पोर," कोणीतरी म्हणालं.

अट्रॅक्टा मावशी शेवटी आली. नवऱ्याच्या जुन्या सपाता घालून, भिंतीचा आधार घेत. दोन्ही पायांना पट्ट्या.

"मावशी, पायांना काय झालं?" एथ्नानं विचारलं.

"काही नाही गं बाळ. तीर्थाच्या बेटावर जाऊन आले ना ऑगस्टमध्ये. तीन दिवस अनवाणी. ते दगड म्हणजे काय सांगू, सुऱ्या नुसत्या. पाव कोरडा, चहा काळा, आणि पहिली रात्र डोळा मिटायचा नाही. तुझ्या नावानं केलं. आता साखर आहे अंगात, जखमा भरत नाहीत लवकर. पण तुझ्या गालांवर रंग आलाय हं!"

एकाहत्तर वर्षांची बाई. माझ्या तापासाठी. एथ्नानं शाल भिरकावली आणि उठली.

मिस्सेआधी फादर बैठकीच्या खोलीत पापांची कबुली ऐकायला बसतात. हल्ली तिघंचौघंच म्हातारे जातात. शेवटचा म्हातारा बाहेर आला तशी एथ्ना आत घुसली आणि दार लावलं. फादर गिल्हूली गळ्यात जांभळा पट्टा घालून सोफ्याच्या कडेवर बसले होते.

"फादर, मी आजारी नाही. कधीच नव्हते. शाळा सोडली, ते लपवायला आईनं ताप सांगितला, आणि मी पांघरुणात पडून राहिले. बुटांसकट. हे माझं पाप. आता तुम्ही तेल लावू नका म्हणजे झालं."

तिला वाटलं, सुटले. किती सोपं होतं!

फादरांनी डोळे मिटले आणि कपाळ चोळलं. "एथ्ना, हे तू मला बाहेर अंगणात सांगायचं होतंस."

"का?"

"इथं ऐकलेलं मला त्या दारातून बाहेर नेता येत नाही. बोलून नाही आणि वागूनही नाही. मी आता एकदम तेल लावायचं टाळलं तर सगळी वाडी विचारेल, कबुलीत असं काय सांगितलं पोरीनं? मला कळलंच नाही, असंच मला बाहेर वागावं लागणार."

"म्हणजे तुम्ही लावणार?"

"मी डबी उघडणार. पुढचं तुझ्यावर."

"मग तुम्ही काय कामाचे!" तिच्या तोंडून गेलं.

"बरेच लोक म्हणतात असं," फादर म्हणाले. त्यांनी तिला क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून एकदा 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणायला सांगितलं.

"एकदाच?"

"बाकीचं बाहेर आहे."

मिस्सा सुरू झाली. शुभवर्तमान वाचून झालं. बावीस माणसं, एक स्वयंपाकघर, खोकायलासुद्धा जागा नाही. फादरांनी खिशातून तेलाची छोटी चांदीची डबी काढून उघडली. ते डबीकडेच बघत होते. "आता आपण एथ्नासाठी प्रार्थना करू या."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. कपाटाजवळ उभ्या आईचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. 'बरी झाले.' एवढं म्हटलं असतं तर काय आनंद झाला असता! अट्रॅक्टा मावशीनं मरेपर्यंत सांगितलं असतं, माझ्या बेटानं पोर उठवली. सगळे खूश झाले असते.

एथ्ना उभी राहिली. तोंड उघडलं. आणि नजर त्या सपातांवर गेली. पट्टीच्या कडेला पिवळट डाग होता, आजचाच, ओला.

"मी आजारी नव्हतेच," ती म्हणाली. "कधीच. मला काहीही..."

"मी सांगितलं होतं ते." आई. आवाज चिरका, पण मोठा. "तिनं शाळा सोडली. मला लाज वाटली. एकदा बोलून गेले आणि मग मागे घेता येईना. पोरीचा काही दोष नाही."

बाबा गोठ्यात जाता येत नाही म्हणून टोपी चुरगाळत उभे होते. अट्रॅक्टा मावशीनं आधी नोरीनकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. बराच वेळ.

"डबी उघडलीय ना, फादर?" ती शेवटी म्हणाली. "मग बंद कशाला करता? माझे पाय खरे आहेत."

एथ्नानं आपली खुर्ची ओढून तिला दिली. फादरांनी मावशीच्या कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं. एथ्ना अगदी जवळ उभी होती. म्हातारीचे डोळे रागानं भरलेले होते. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा तिनं सगळ्यांचे हात हातात घेतले. नोरीनचा नाही घेतला.

मग चहा, हॅम, केक. सगळे भिंतींच्या रंगाबद्दल फार मोठ्यानं बोलत होते. नोरीन किटली घेऊन फिरत होती, कोणाच्या डोळ्यात न बघता. पण मावशीच्या कपात तिनं दोनदा चहा ओतला आणि मावशीनं दोनदा तो प्यायला.

"मी गाडीनं सोडतो तुम्हाला," बाबा म्हणाले.

"गाडी नको. ही सोडेल. पाय हिच्यापायी गेलेत."

बाहेर लख्ख ऊन होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा एथ्ना भरदिवसा गल्लीतून चालली होती. तिला पळावंसं वाटत होतं, थेट डांबरी रस्त्यापर्यंत, दुकानापर्यंत, कुठंही. पण दंडाला म्हातारी लटकलेली. एक पाऊल, थांबा. दुसरं पाऊल, थांबा. गोगलगायसुद्धा पुढे गेली असती.

"तुझ्या आईशी मी नाताळपर्यंत बोलणार नाही," मावशी म्हणाली.

"बरं."

"कदाचित त्याच्या आधी बोलेन. तू मध्ये पडू नकोस."

"नाही पडत."

फाटकापाशी मावशी दम खायला थांबली. "शाळा का सोडलीस?"

रडणं झालं होतं, अबोला झाला होता, ताप झाला होता, हातमोजा झाला होता. पण का, हे एथ्नाला कोणीच विचारलं नव्हतं.

"लांबलचक आहे ते," ती म्हणाली.

"मग सांग की," मावशी म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं. "माझं घर काही लवकर येत नाही."