बांधाचा फोटो

चारुता नवीन पनवेलला राहायची आणि अमूर्त फोटो काढायची; म्हणजे ज्यात काय आहे ते ओळखू येत नाही असे. तिचं पहिलं प्रदर्शन एका मंगल कार्यालयात भरलं. कार्यालय बळीरामशेठचं, त्यामुळे उद्घाटनही त्यांच्याच हातून झालं. भाषणात चारुताने सांगितलं की फोटोंना नावं मुद्दामच दिलेली नाहीत. ज्याला जे दिसेल तो त्याचा अर्थ, आणि कुठलाच अर्थ चुकीचा नसतो.

टाळ्या झाल्या आणि लोकांना दिसायला लागलं. एका गृहस्थांना एका फोटोत बाप्पा दिसला. शेजारच्या बाईंना स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे दिसला. चारुताचा चेहरा पडला. तिला एकाकीपण, काळाची झीज असलं काहीतरी अपेक्षित होतं.

बळीरामशेठ मात्र एका पांढुरक्या फोटोसमोर उभे राहिले ते हलेचनात. फोटोच्या मधून एक काळी रेघ वाकडीतिकडी गेली होती. शेठचे डोळे भरून आले.

"हे आमचं मिठागर हाय," ते म्हणाले. "आन् ही काली रेघ, तो बांध. आमचा बा याच्यावर उभा रावायचा."

चारुता भारावली. रडणाऱ्या शेठचा फोटो काढून तिने तो सगळ्या ग्रुपवर पाठवला. शेठनी ती तसबीर घरी नेऊन बंगल्याच्या हॉलमध्ये लावली.

काही दिवसांनी त्यांचा धाकटा भाऊ काशिराम पूजेला आला. मिठागर कधीच भराव घालून बुजवलं होतं, त्यावरून आता डंपर जात होते. बांधाच्या दोन बाजूंना दोघा भावांचे वाटे होते; त्यात कोणाचा मोठा, हा वाद तेवढा कोणी बुजवला नव्हता. काशिरामने फोटो निरखला. मिठागर आपलंच, यात त्याला शंका नव्हती. पण बांध इतका डावीकडे नव्हता, असं त्याचं म्हणणं पडलं. बळीरामशेठ म्हणाले, फोटो खोटं बोलत नाही. बोलणं वाढत गेलं आणि प्रसाद तसाच राहिला. शेठच्या बायकोला, गोदूला, त्या फोटोत टोपाच्या तळाला लागलेला भात दिसत होता. पण तिला कोणी विचारलं नाही.

शेवटी दोघांनी चारुतालाच बोलावून घेतलं. अर्थ पाहणाऱ्याच्या आत असतो, असं तिने सुरुवातीला समजावून पाहिलं.

"तो आमच्यात हायच," काशिराम म्हणाला. "तुमी बांध कुठं हाय ते सांगा."

दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. चारुता घाबरली आणि तिने खरं ते सांगून टाकलं.

"हे मिठागर नाहीच. माझ्या फ्रीजमध्ये साचलेला बर्फ आहे. काळी रेघ म्हणजे दाराचं फाटलेलं रबर."

दादाने बाईंना पढवून ठेवलंय, असं काशिराम म्हणाला. बाई काशिरामने फितवल्यात, अशी बळीरामशेठची खात्री झाली. बाई खोटं बोलतात यावर मात्र कित्येक वर्षांनी दोघा भावांचं एकमत झालं.

चारुता निघाली तेव्हा काशिराम फाटकापर्यंत आला. त्याला त्याच फोटोची एक प्रत हवी होती, फक्त डावी बाजू उजवीकडे करून. चारुता दुखावली. कलाकृती अशी फिरवता येत नाही, ती ठामपणे म्हणाली. काशिरामने ते मान्य केलं आणि सहज सांगितलं, की त्याच्या नव्या इमारतीत खाली मोठा हॉल रिकामाच आहे. तिथे तिचे फोटो कायमचे लागू शकतील.

घरी पोचेपर्यंत चारुताला पटलं, की कुठलाच अर्थ चुकीचा नसतो.

उलटा फोटो आता काशिरामच्या घरच्या हॉलमध्ये आहे. आल्यागेल्याला तो बोट ठेवून बांध दाखवतो. त्याच्या नव्या इमारतीत खाली 'हरवलेली मिठागरं' या नावाने चारुताचं दालन उघडलंय. तिथे ती नम्रपणे सांगते, की या मातीच्या वेदनेने तिला लहानपणापासून झोपू दिलेलं नाही. तिचं बालपण नागपुरात गेलं.