भिंतीचा शेवटचा पॉइंट

आमच्या क्लबची चॅम्पियन टेबल टेनिसच्या अंतिम सामन्यात हरली. असा कुठलाही सामना झालेला नाही.

दोन्ही वाक्यं माझीच. पहिलं मी डोळ्यांनी पाहिलं, दुसरं टाइप करून फलकावर लावलं, कारण क्लबच्या सूचना लिहिणं ही माझी नोकरी आणि सेक्रेटरींनी तसं सांगितलं. तेव्हा सामना झालाच नाही असं आपणही धरून चालू. अडचण एवढीच, की न झालेल्या सामन्याबद्दल माझ्या मामाची चौकशी लागली होती आणि मामा माझ्यासमोर बसून गुडघा चोळत होता.

"काय विचारतील आत?"

"सरावातला शेवटचा पॉइंट तू मुद्दाम सोडायचास का, एवढंच. हो म्हण. सेक्रेटरी म्हणालेत, हो म्हटलं तर ती पद्धत होती असं दाखवू आणि तुला सल्लागार म्हणून ठेवू. नाही म्हटलास तर वय झालं, घरी जा."

"ती असेल आत?"

"असणारच. हरली तीच आहे."

"सामना झालाच नाही म्हणतोस ना?"

"ते फलकावर."

मामा क्लबचा सराव-जोडीदार. खेळाडूने मारायचं, मामाने परत करायचं. काहीही मारा, चेंडू परत येणार, म्हणून सगळे त्याला भिंत म्हणायचे. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला गुडघाही होता. सर्व्हिसआधी तो तळहात मांडीला पुसायचा आणि सरावाचा शेवटचा पॉइंट रोज हरायचा. चेंडू अलगद नेटमध्ये. इतका सफाईने, की समोरच्याला वाटावं आपणच जिंकलो.

मला हे घरात कळलं. लहानपणी मीही त्याच्याकडे खेळायचो आणि रोज जिंकून यायचो. पहिल्याच स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, माझी धूळधाण झाली. मी रडत बसलो तेव्हा मामी म्हणाली, "अरे, तो सगळ्यांनाच देतो शेवटचा."

"हरून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा येतो," मामाने समजावलं होतं. "जिंकून गेला की लवकर येतो. फक्त, हे तुझ्यामुळे कळलं, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात द्यायचा नाही. तेव्हा रडवायचं."

आणि हे खेळाडूला कधीच सांगायचं नाही. सांगितलं तर आजवरचे सगळे विजय खैरात ठरतात.

मग चष्मेवाला आला. एका कंपनीचा माणूस, बोलताना तुमच्याकडे न पाहता तुमच्या थोडं मागे पाहणारा. तिथे अजून काहीतरी बसवायचं असावं. त्याच्या चष्म्यातून पाहिलं की टेबल खरं, बॅट खरी. चेंडू खोटा आणि समोरचा माणूस खोटा. तो खोटा माणूस घडवायला त्याला मामा हवा होता. हालचाली टिपायला मामाला पांढऱ्या ठिपक्यांचा काळा पोशाख घालून भर उन्हाळ्यात खेळवलं. त्या दिवसांत स्पर्धा लांबच होत्या.

"काका, तुम्ही काही वेगळं करू नका," तो म्हणाला. "नेहमीसारखं खेळा."

मामा नेहमीसारखा खेळला. इथेच सगळं बिनसलं.

पहिल्या दिवसापासून मामाला त्या चष्म्याचा संशय. सराव संपला की तो त्यावर टॉवेल टाकायचा. "बघत असतो," म्हणायचा. मी म्हटलं, बंद असतो तो. "डोळे मिटलेला माणूस झोपलेलाच असतो का?" मीही टॉवेल नीट ओढून घेतला.

मामीला संशय वेगळाच. आपला नवरा दुसरीकडे कुठेतरी नांदतोय, आणि आपल्याला कुणी विचारलं नाही. ती थेट क्लबवर आली आणि चष्मा चढवून टेबलापाशी उभी राहिली. समोर मामा. मांडीला हात पुसला, खेळला, हरला, मान झुकवली.

"हा तो नव्हे," मामी म्हणाली. "आमच्याकडे हरला की दोन दिवस बोलत नाही."

चष्मेवाल्याला हे आपलं कौतुकच वाटलं. त्याने उत्साहाने दुसरा कार्यक्रम लावून दिला. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाने आपल्या विक्रेत्यांना शिकवण्यासाठी त्याच्याकडून एक हट्टी गिऱ्हाईक करून घेतलं होतं. चेहरा दुसरा, आवाज दुसरा, पण शरीर तयारच होतं म्हणून मामाचं वापरलं. मामीने पाहिलं: एक अनोळखी, मिशीवाला माणूस सोफ्याजवळ उभा. भाव पाडतो, नाही म्हणतो, तळहात मांडीला पुसतो आणि शेवटी अलगद मान झुकवून सोफा घेतो. प्रत्येक वेळी घेतो.

मामी चष्मा न काढताच म्हणाली, "अहो, कशाला घेताय? दारातून आत तरी जाईल का तो?"

खरा मामा मागे उभा होता. "मी आयुष्यात सोफा घेतलेला नाही," तो चष्मेवाल्याला म्हणाला.

"काका, विक्रेते खूश आहेत. गिऱ्हाईक शेवटी ऐकतंच, हा आत्मविश्वास येतो त्यांना."

त्या दुकानाचे विक्रेते हल्ली गिऱ्हाइकाच्या मागे बसस्टॉपपर्यंत येतात, ते यामुळेच असा माझा संशय आहे. पुरावा नाही.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मामाला सांगण्यात आलं, विश्रांती घ्या, चॅम्पियन चष्म्यावरच सराव करेल. तो दारात उभा राहून पाहत होता. ती एकटीच हवेत बॅट फिरवत होती, घामाने निथळत. शेवटी थांबली, बॅट टेबलावर ठेवली आणि हवेशी हात मिळवला.

"आज तरी त्याने द्यायला नको होता," मामा पुटपुटला.

"मग सांग की त्यांना."

"कसं सांगू? ती इथेच आहे."

आता तो न झालेला सामना. चॅम्पियनला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिने सर्व्हिस केली, समोरचीने चेंडू परत केला, चॅम्पियनने सणसणीत मारला. आणि मग तिने बॅट टेबलावर ठेवून हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. चेंडू परत आला, तिच्या हाताजवळून गेला, मागच्या फळीवर आपटला. तिने हात मागे घेतला तो थेट तोंडावर. त्यानंतर तिला एकही पॉइंट मिळाला नाही.

चौकशीला सेक्रेटरी, चष्मेवाला, चॅम्पियन आणि लिहून घ्यायला मी. चष्मेवाल्याने पडद्यावर आलेख लावला. "उन्हाळ्यातलं प्रत्येक सत्र बघा. शेवटचा चेंडू नेटमध्ये. आमच्या यंत्राने जे पाहिलं तेच शिकलं."

"साधा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही मुद्दाम हरायचात का?" आणि हो म्हणण्यासाठी मान हलवायची असते, तशी आपणच हलवून दाखवली.

"काका," चॅम्पियन म्हणाली, "मी शाळेत असल्यापासून खेळतेय तुमच्याशी. खरं सांगा. मी जिंकायचे ना?"

मामाने तळहात मांडीला पुसला.

"जिंकायचीस तर," तो म्हणाला. "माझं वय झालंय. शेवटी शेवटी हात निसटतो."

"पण त्याच्या आधीच्या चेंडूला निसटत नाही," चष्मेवाला म्हणाला. "फक्त शेवटच्याच?"

"माझा थकवा शिस्तीचा आहे."

सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं. मामाने पुन्हा तेच सांगितलं. मी लिहून घेतलं: वयोमानानुसार. ते अक्षर माझंच, तरी ओळखीचं वाटेना. चष्मेवाला म्हणाला, दोष कळला तेच बरं, चष्म्यातली प्रतिमा दुरुस्त करू, यापुढे ती एकही पॉइंट सोडणार नाही. क्लबने मामाला त्याच दिवसापासून विश्रांती दिली.

तो लॉकर रिकामा करायला गेला तेव्हा चॅम्पियन टेबलापाशी थांबली होती.

"काका, एक गेम."

खेळले. चष्मा नाही, आलेख नाही, टकटक टकटक. मामाचा गुडघा करकरत होता आणि चेंडू परत येत होता. शेवटचा पॉइंट राहिला. सर्व्हिस तिची. मामाची बॅट किंचित सैल झालेली मी पाहिली. तिनेही पाहिली असावी, कारण ती त्या बॅटकडे बघतच राहिली. मग तिने चेंडू खिशात टाकला.

"हा उद्या खेळू," ती म्हणाली.

"उद्या लवकर ये," मामा म्हणाला. दोघांनाही माहीत होतं, उद्या तो इथे नसणार.

घरी आल्यावर त्याने मला अर्ज लिहायला बसवलं. शेवटची ओळ मामीने स्वयंपाकघरातून सांगितली. अर्ज मीच टाइप केला, मीच आवक नोंदवहीत चढवला आणि तो कुठल्या कपाटात जातो तेही मला ठाऊक आहे.

"मा. सेक्रेटरी यांस. विनंती करण्यात येते की, क्लबच्या सेवेत असलेल्या माझ्या प्रतिमेस, स्पर्धेपूर्वीचा आठवडा वगळता, रोज सरावातील शेवटचा पॉइंट हरण्याची परवानगी असावी. कारण विचारण्यात येऊ नये व खेळाडूस कळवण्यात येऊ नये. तसेच फर्निचरच्या दुकानात कार्यरत असलेल्या माझ्या दुसऱ्या प्रतिमेस, वर्षातून किमान एकदा, सोफा न घेता परत जाऊ द्यावे. तिची घरी वाट पाहिली जात आहे."