चौदा नंबरचं रक्त

कुत्र्याच्या कानाला सुई टोचणं हे काही मोठं शौर्याचं काम नाही, पण सतरा वर्षं मी तेच करतोय. जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. दर तीन महिन्यांनी प्रत्येक गल्लीतल्या एका ठरलेल्या पाळीव कुत्र्याच्या कानातून रक्ताचा थेंब काढायचा, जाड कागदावर टिपायचा, खाली त्याच्या पट्ट्यावरचा नंबर लिहून सही ठोकायची. वाळूमाशी कुत्र्याला चावते तशी माणसालाही चावते. काळा आजार आमच्याकडे आधी कुत्र्यात दिसतो, मग माणसांत. म्हणून कुत्र्याचं रक्त खराब निघालं की दोन दिवसांत अख्ख्या गल्लीत फवारणी होते, इस्पितळाला कळवलं जातं आणि कुत्र्याला गाडीत घालून नेतात. नेलेला कुत्रा परत येत नाही. लोक मला तोंडावर ‘यमाचा कारकून’ म्हणतात. म्हणोत बापडे!

आमच्या गल्लीचा कुत्रा चौदा नंबर, म्हणजे आमच्याच घरातला भोपळ्या. खरं तर तो बाबांचा. बाबा शिंपी. आई गेल्यापासून त्यांचं सगळं बोलणं शिलाई मशीनशी नाहीतर भोपळ्याशी. आमच्या वाट्याला आपलं ‘हं’ आणि ‘ठेव तिथं’. बायको म्हणायची, “पुढच्या जन्मी मला शेपूट फुटू दे, म्हणजे सासरे दोन शब्द बोलतील.”

सहा महिन्यांपूर्वी भोपळ्याच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले, नखं भराभर वाढली. सतरा वर्षं काय माशा मारत होतो मी? बघताक्षणी कळलं. सुई घेऊन बसलो, तर बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “म्हातारा झाला रे. आम्ही दोघंही झालो.” माझा हात काही पुढे होईना.

समोरच्या इस्त्रीवाल्या काकूंचा कुत्रा ठणठणीत होता. त्याच्या कानातलं रक्त कागदावर टिपलं आणि खाली लिहिलं, चौदा. काकूंना वाटलं, फुकटात तपासणी झाली. एकदाच, असं मी स्वतःला बजावलं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच केलं. आमची गल्ली कागदावर स्वच्छ निघाली. फवारणीवाले शेजारच्या गल्लीपर्यंत आले आणि आमच्या कोपऱ्यावरून परत गेले.

मग हिला ताप आला. पहिल्या आठवड्यात ही मजेत होती. “तुमच्या हातचा चहा मिळतोय, हा ताप परवडला,” म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात तिला जिना चढवेना. तिसऱ्या आठवड्यात इस्पितळात दाखल केली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, प्लीहा सुजली होती. मलेरिया नव्हता. त्यांनी कुत्र्यांच्या तपासणीची गल्लीवार यादी उघडली.

“तुमची गल्ली स्वच्छ दिसतेय. काळा आजार धरायचं कारण नाही, टायफॉइडचं औषध सुरू करू.” मग त्यांनी खालची सही पाहिली. “ही तुमचीच ना?”

“हो,” मी म्हणालो.

बस, तेवढंच बोललो. माझी जीभ झडली का नाही तेव्हा! नोकरी जाईल म्हणून भ्यालो, भोपळ्याला नेतील म्हणून भ्यालो, आणि असेलही टायफॉइड, असं खरंच वाटलं मला. माणसाला सोयीचं तेच खरं वाटतं.

नऊ दिवसांनी हिच्या नाकातून रक्त यायला लागलं, ते थांबेचना. तेव्हा मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं ओकलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, “गल्लीत घरं किती?” मी म्हणालो, बत्तीस. कितीजणांना ताप आहे? मला माहीत असलेले चार, त्यात इस्त्रीवाल्या काकूंची सून होती. त्यांनी फोन लावले, तपासणी केली, औषध बदललं. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “नऊ दिवसांपूर्वी हेच दिलं असतं तर… आता आशा नाही. जवळच्यांना बोलावून घ्या.”

जवळचे म्हणजे बाबा. ते आले ते पट्टा हातात घेऊनच. दुपारी गाडी भोपळ्याला घेऊन गेली होती. मी कॉटशेजारी उभा राहून त्यांना सगळं सांगितलं.

“मला का नाही विचारलंस?” बाबा म्हणाले.

“तुम्हाला सोसलं नसतं.”

“विचारलंस का?”

“नाही.”

“मी माझ्या हातानं त्याला गाडीत बसवलं असतं. रडलो असतो चार दिवस. अरे, कुत्रा होता तो! ही माझी लेक आहे.”

सतरा वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ‘लेक’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हिनं ऐकला की नाही, ठाऊक नाही. हिचे ओठ सुकले होते. मी कापूस ओला करून लावला, तेव्हा हिनं डोळे उघडले.

“कळलं का हो डॉक्टरांना, काय झालंय मला?”

“हो,” मी म्हणालो, “कळलं.”

“चला, सुटले बाई एकदाची,” ती म्हणाली. “आता बरं वाटेल.”