सही नसलेला तराजू

पितळी तराजूच्या डाव्या पारड्यात झेंडूची एक पाकळी पडली होती. पाकळीचं वजन ते काय, पण काटा शून्यावरून केसभर उजवीकडे सरकला होता. प्रतापरावांना ते दारातूनच दिसलं आणि हात शिवशिवले. पण आज खंडेनवमी. पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

शहाजीराजांच्या मागोमाग बंगळुरात आलेलं हे घराणं. पाटावर मधोमध जुनी तलवार होती, पण तिच्या शेजारी ज्याचं त्याचं आजचं हत्यार: मुलगा गिरीराज याचा लॅपटॉप, घरातली सगळी पेनं, आणि प्रतापरावांचा तराजू, वजनं नि चिमटा. कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले तराजू दुरुस्त करत त्यांनी जे. पी. नगरात जागा घेतली, दुमजली घर बांधलं. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. आता ते महानंदा चालवत होती.

महानंदा त्यांच्या दिवंगत पत्नीच्या मावसबहिणीची मुलगी. निपाणीकडची. आईवडील गेले तेव्हा एवढीशी होती. पत्नीनं तिला घरी आणली, लेकीसारखी वाढवली, दत्तक घेणं मात्र राहून गेलं. आपल्याच पोरीला कागद कशाला, असं दोघांनाही वाटलं. गिरीराज संगणकाकडे वळला. ही मात्र प्रतापरावांच्या मांडीशी बसून वजनाला बोट न लावता चिमट्यानं उचलायला शिकली. आज शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हेब्बाळपासून तराजू तिच्याकडे येत. ‘हात तुमच्यासारखाच,’ असं कुणी म्हटलं की प्रतापराव म्हणत, “माझ्याहून हलका.” आणि छाती जरा पुढे येई.

मात्र मृत्युपत्राचा विषय निघाला की तीच छाती आत जाई. शेजारचे वकील जयतीर्थ किती वेळा म्हणाले होते की साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार आणा, संध्याकाळीच उरकू. पण आषाढ नको, पितृपंधरवड्यात काही नवं करायचं नाही. गणपती, नवरात्र, दिवाळीत मरणाची भाषा नको. शुभ दिवशी अशुभ बोलायचं नाही आणि अशुभ दिवशी चांगलं काम करायचं नाही, या दोन नियमांत त्यांचं अख्खं पंचांग संपून जाई!

दुपारी होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण झालं. प्रतापरावांच्या थोरल्या बहीण अंबुबाई आल्या होत्या. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेली बाई. त्यांच्यापुढे अंदाजपंचे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. व्हाइटफील्डहून आलेला गिरीराज आरामखुर्चीत सैलावून म्हणाला, की पुढेमागे ही जागा बिल्डरला द्यायला हरकत नाही, चार मजले सहज चढतील. मग सुपारी कातरत त्यानं सहज पुढे जोडलं, “महानंदाची काळजी नको, अप्पा. तिला कुठेतरी एखादी खोली बघून देईन मी.”

महानंदा ताटं उचलत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

गिरीराजच्या बोलण्यात कपट नव्हतं. म्हणूनच प्रतापरावांना ते जास्त लागलं. ज्या दुकानात तिनं त्यांचं नाव राखलं, ते पाडण्याबद्दल तो बोलत होता. आणि ‘देईन’ म्हणत होता.

“गिरीराज, देणारा तू कोण रे?” अंबुबाईंनी शांतपणे विचारलं.

“म्हणजे काय, आत्या? मी तिला रस्त्यावर काढीन असं वाटतं तुम्हाला?”

“नाही वाटत. पण तुझ्या चांगुलपणावर तिनं दिवस का काढावेत? उद्या प्रताप गेला तर कायद्याला फक्त तू दिसतोस. ती दिसतच नाही.”

प्रतापराव दुखावून म्हणाले की आपण तिला लेक मानतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि या घराण्यात शब्द कधी खाली पडलेला नाही.

“सरी, बरं. मग एक सांग,” अंबुबाई म्हणाल्या. “दुरुस्त केलेला तराजू तपासून, त्यावर तारखेची नि तुझ्या सहीची पट्टी लावल्याशिवाय कधी दुकानाबाहेर जाऊ दिलास?”

“कधीच नाही.”

“का? तुझा शब्द होताच की.”

“तराजू जातो तिथं मी नसतो, अक्का. तिथं माझी सहीच बोलते.”

आणि ते थांबले. आपल्याच तोंडून काय निघालं, हे त्यांना ऐकू आलं!

“महानंदा राहील तिथंही एक दिवस तू नसशील, प्रताप. शब्द माणसाबरोबर जातो. मागे सही उरते.”

प्रतापरावांची नजर पाटाकडे गेली. “आज नवमी, अक्का. पेनं पूजेत आहेत.”

“लेखणी पूजेत आहे. जीभ तर मांडली नाहीस ना पाटावर?”

गिरीराजलाही हसू आलं, पण ते लगेच विरलं. महानंदा दारात उभी होती. हात पदराला पुसत ती म्हणाली, “अप्पा, मला घर मागायचं नाही. खोली मी माझ्या कमाईची घेईन. पण या घरची मी कोण, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

गिरीराज खुर्चीतून उठला आणि ती खुर्ची त्यानं तिच्याकडे सरकवली. “बैस, महानंदा. चुकलं माझं,” एवढंच म्हणाला.

आपल्यापैकी किती घरांत असं एखादं माणूस असतं! आपण त्याच्यावर माया करतो आणि माया केली म्हणजे सोय केली, असं समजतो. माया आपल्या डोळ्यांदेखत पुरते. आपल्यामागे पुरते ती वेळेवर केलेली सही. मृत्युपत्र लिहिल्यानं मरण जवळ येत नाही. न लिहिल्यानं मात्र आपलं माणूस परकं होऊ शकतं.

प्रतापराव पाटासमोर ताठ उभे राहिले. पाकळी अजून पारड्यातच होती.

“उद्या पूजा उतरली की आधी ती पाकळी काढू,” ते म्हणाले, “आणि लगेच जयतीर्थांना बोलावू. अक्का, साक्षीला तू आणि समोरचे डॉक्टर.”

“मग मला काही ठेवू नकोस हं. साक्षीदाराला वाटा नको,” अंबुबाई म्हणाल्या.

ते हसले. मग आजवर स्वतःच्या तोंडून कधीही न निघालेला शब्द त्यांनी खणखणीत आवाजात उच्चारला.

“सगळे ऐका. मी माझं मृत्युपत्र करतोय. वरचा मजला माझ्या मुलाचा, गिरीराजचा. खालचा मजला, दुकान आणि हा तराजू माझ्या मुलीचा. महानंदाचा.”