पाच रेघांचा दगड

बेलापूरच्या मिठागरात टोपल्या वाहता वाहता जयदेव इतिहासात एम. ए. झाला, तोही पहिल्या वर्गात, आणि १९६२ साली थेट विद्यापीठात प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला जाऊन बसला. समोर चार साहेब. त्यातले तिघे पेंगत होते. चौथे विभागप्रमुख. त्यांनी एका दगडाचा फोटो पुढे सरकवला.

"तुमच्याच गावचा शिलालेख. दोन हजार वर्षांपूर्वीचा. शोध माझा, याच फोटोवरून. ग्रंथ वाचलाय ना?"

जयदेवने वाचला होता. दगडावरच्या पाच रेघांतून साहेबांनी तीनशे पानं काढली होती. व्यापारी, जकात, राजा, राजाची मावशी, काही म्हणून सोडलं नव्हतं. जयदेवने दगडही ओळखला. तो त्याच्याच पडवीबाहेर पडलेला होता आणि त्याची आई पुतळाबाई त्यावर रोज कोयतीला धार लावायची.

खरं सांगावं तर जागा गेली, मग जन्मभर मीठ उपसा.

"अमूल्य शोध, सर," जयदेव म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

साहेब फुलले. "रविवारी दगड बघायला येतो. सोमवारी तुमच्या नेमणुकीवर सही."

घरी येताच जयदेवने आईला बजावलं, "रविवारी त्या दगडाला हात लावू नको गो आये!" पुतळाबाईनं मान डोलावली खरी. पण पोराला नोकरी देणारा पाहुणा मासळी न खाता गेला तर गावात तोंड कुठे दाखवायचं? त्यात मासळी कापायची कोयती बोथट. साहेब अंगणात शिरले तेव्हा ती दगडाशी बसून खर्र खर्र धार लावत होती.

"अहो बाई, शिलालेख आहे तो!"

"कसला लेख, साएब? ही रेघ माज्या सासूची, ही तिच्या सासूची. ही कडेची माजी, अजून खोल व्हायची हाय."

साहेब जयदेवकडे वळले. "खोटं बोलतायत ना या?"

याच बाईनं टोपल्या वाहून त्याला शिकवलं होतं. जयदेवचं डोकंच फिरलं.

"आई खरं बोलते, सर. खोटं मी बोललो."

"म्हणजे मुलाखतीत तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग गप्प का बसलात?"

"नोकरी हवी होती."

साहेबांनी बोटानं पाचही रेघा चाचपल्या. मग पाटावर बसून त्यांनी तळलेल्या मासळीचे चार तुकडे संपवले आणि हात धुतले.

"सोमवारी दहाला हजर व्हा. आमच्या विभागात सगळे असेच लागलेत. फक्त हा दगड विद्यापीठात हलवायचा. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघतेय."

दगड बैलगाडीतून गेला. जयदेव वर्गात त्याच्या शेजारी उभा राहून राजाच्या मावशीबद्दल शिकवू लागला. पहिल्या पगारात त्यानं आईला धार लावायला नवा, गुळगुळीत दगड आणला. पुतळाबाईनं त्यावरून हळूच हात फिरवला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पन याच्यावर माजी सासू नाय रे."