नाक्यावरचा प्रश्न

माझ्या भावाला, दर्शनला, तोंड आहे. जेवताना ते व्यवस्थित चालतं. फक्त जागृती समोर आली की बंद पडतं.

दहावीच्या गॅदरिंगला कोळी डान्स बसवायचा होता, जोडीजोडीने. सर म्हणाले, जोड्या शनिवारपर्यंत तुमच्या तुम्ही ठरवा, ज्याला जोडीदार नाही तो पडदा ओढेल. गेल्या वर्षी पडदा आमच्या दर्शननेच ओढला होता. यंदा त्याला जागृतीबरोबर नाचायचं होतं. ती आमच्याच आळीत राहते, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ.

"मग जाऊन विचार ना," मी म्हटलं.

"असं कसं? सरप्राइज पाहिजे, उन्नतीताई," तो म्हणाला. मोबाइल बघून बघून या पोरांची डोकी फिरलीत.

ठरलं असं, की जागृती शाळेतून येताना धामणकर नाक्यावर रिक्षा बदलते, तिथेच बॅनर लावायचा: 'जागृती, गॅदरिंगला माझ्याशी नाचशील का? तुझा वर्गमित्र दर्शन.' बॅनर म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे केसरीनाथ काका. गोदामं भाड्याने गेल्यापासून काका गावात कुणाचं पोर रांगायला लागलं तरी बॅनर लावतात.

काका लगेच हो म्हणाले. "पण पोरीचं नाव नाक्यावर? तिचा बाप मला काय म्हणेल? नाव काढ आधी."

नाव गेलं.

मग बॅनर छापणाऱ्या विपुलने विचारलं, "शुभेच्छुक कोण?" बॅनर म्हटला की शुभेच्छुक आलेच. काकांनी आपला गॉगलवाला फोटो दिला. जो खर्च करतो त्याचा फोटो मोठा, ही विपुलच्या हाताची सवय. मंडळातली माणसं रुसू नयेत म्हणून त्यांचेही फोटो खाली आले. दर्शनला कोपऱ्यात जागा मिळाली, आधार कार्डावर असते तेवढी. त्याचं नाव मावलंच नाही.

"अरे बाबांनो, छापायच्या आधी एकदा वाचून तरी बघा," मी म्हटलं. पण या घरात माझं ऐकायची पद्धत नाही.

शुक्रवारी बॅनर लागला. दुकानाच्या शटरएवढे काका, हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल, आणि त्यांच्या डोक्यावर लाल अक्षरांत: 'गॅदरिंगला माझ्याशी नाचशील का?' शेअर रिक्षावाले सीट ओरडायचं सोडून वर बघत होते. एकाने मला विचारलं, "ये चाचा किस पार्टी का है?"

आणि जागृतीच्या आधी तो बॅनर पाहिला काकांच्या बायकोने, आमच्या जानकी काकीने. बाजार करून येत होती. रिक्षातून उतरली ती थेट ओटीवर. पिशवी ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

"लगीन झाल्यापासून या माणसाने मला चहा घेशील का म्हणून विचारलं न्हाय," ती म्हणाली. "हळदीला सगळा गाव नाचतो, मी आपली भांडी घासते. आन् आज सगळ्या नाक्यासमोर! सांगा त्याला, जानकी हो म्हणते."

काका मागेच उभे होते. त्यांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. काकीचं फार वाईट वाटलं आणि तिच्यासाठी फार बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात जागृती आली, दप्तरासकट. ओटीवर आळीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत तिने दर्शनला सरळ विचारलं, "कोपऱ्यात तुझा फोटो आहे. तो बॅनर नक्की कोणासाठी लावलाय?"

दर्शनने तिच्याकडे पाहिलं. मग काकीकडे पाहिलं. काकीने एव्हाना आत जाऊन कपाटातून लग्नातला हिरवा शालू काढून मांडीवर घेतला होता. दुसऱ्या दिवशी शनिवार. बोल गाढवा, मी मनात म्हटलं.

"काकीसाठी," तो म्हणाला.

गाढवच तो. पण मला त्याचा इतका अभिमान वाटला, की पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

जागृतीने दप्तर खांद्यावर नीट केलं. "बरं," ती म्हणाली. "मग मला कोण विचारणार?"

"मी," दर्शन म्हणाला.

एका अक्षराचं काम होतं. बॅनर अजून नाक्यावरच आहे. काकी काढू देत नाही.