टोपलीवरचं फडकं

साव्हेरिओने तिचं मनगट पकडलं. पकड जरा जास्तच घट्ट बसली, पण टोपलीवरच्या फडक्याला गिऱ्हाइकाचा हात लागतो म्हणजे काय!

"हात मागे घ्या, बाई. इथं आत बघायचं नसतं."

"एकदाही नाही?" तिच्या आवाजात हसू होतं.

"माझ्या आजोबांनी कुणाला दाखवलं नाही, बापाने दाखवलं नाही. मी हात घालतो, हाताला येतं ते तुम्ही खाता. पटत नसेल तर पलीकडे मासळी आहे."

बल्लारोच्या बाजारात शेंबडं पोरसुद्धा हा नियम पाळतं. वेताच्या टोपलीत वासराचे उरलेसुरले तुकडे, चरबीत परतलेले, केशराच्या आणि तमालपत्राच्या वासाचे; यालाच फ्रिट्टोला म्हणतात. त्यावर जाड फडकं आणि फडक्याखाली फ्रिट्टोलावाल्याचा हात. विकणाराही आत बघत नाही, घेणाराही नाही. म्हणून तर साव्हेरिओचं आजवर निभावलं होतं. जो टोपलीत कधी बघतच नाही, त्याची नजर गेल्याचं कुणाला कळणार? गेल्या हिवाळ्यापासून त्याला उजेड आणि सावली एवढंच काय ते दिसत होतं. हे बाहेर फुटलं असतं तर नगरपालिकेने परवाना काढून घेतला असता, आणि मुलीने त्याला मेस्सीनाला नेऊन उंचावरच्या कुठल्यातरी खिडकीत बसवलं असतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो रोज टोपली भरताना स्वतःला बजावायचा.

आणि आता ही बाई उपटली होती. नाव लुदोव्हिका. तोरिनोला स्वयंपाकीण आहे, शहराशहरांतले बाजार चाखत हिंडते, असं तीच सांगायची. साव्हेरिओला त्यातलं एक अक्षरही पटलं नव्हतं. स्वयंपाकीण असती तर खाऊन चालती झाली असती. ही खाऊन झालं तरी तिथंच घुटमळायची आणि चौकशा करायची. परवा विचारलं, टोपली रोज कोण भरतं. काल विचारलं, घर कुठल्या बाजूला. आज थेट फडक्याला हात. शिवाय तिच्या अंगाला साबणाचा असा काही वास होता, की त्याला नगरपालिकेच्या कचेरीतल्या टेबलांची आठवण यायची.

हिला कुणी धाडलं असणार, याबद्दल मात्र त्याच्या मनात काडीची शंका नव्हती. ज्युस्तीना. कोपऱ्यावरची लिंबंवाली. फार वर्षांपूर्वी भर बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत ती म्हणाली होती, "त्या फडक्याखाली काय आहे ते देवच जाणे!" त्या दिवसापासून त्याने तिची लिंबं घेणं सोडलं आणि तिच्याशी बोलणंही सोडलं. पण तिचा आवाज सोडायची सोय नव्हती. या बाजारात जो तो ओरडून माल विकतो, आणि त्या आरोळ्या ऐकतच साव्हेरिओ घर गाठायचा. आधी ऑलिव्हवाल्या तोतोचा घोगरा सूर, पुढे मासळीवाल्या मिम्मोची बोंब, मग ज्युस्तीनाचं "लिंबं! लिंबं घ्या!" तिथं डावीकडे गल्लीत वळायचं. वळलं नाही तर समोर तळघराच्या दगडी पायऱ्या. जिचं तोंड बघायचं नाही तिच्याच तोंडावर भरवसा ठेवायचा, याची त्याला रोज चीड यायची. त्यात तिच्या लिंबांना हल्ली वासही नसायचा. कुठला शिळा माल आणते कोण जाणे, असं म्हणत तो नाक मुरडून वळायचा.

त्याने कागदावर मूठभर फ्रिट्टोला काढली, मिरपूड भुरभुरली आणि साबणाच्या वासाच्या दिशेने हात पुढे केला.

"ज्युस्तीनाने काय काय सांगितलं तुम्हाला?"

"कोण ज्युस्तीना?"

"सोंग नको. ती कोपऱ्यावरची लिंबंवाली."

"अच्छा, ती!" लुदोव्हिका तोंडात घास असतानाच बोलू लागली. "तिचंच तर तुम्हाला विचारायचं होतं, काका. काल यावर पिळायला तिच्याकडे लिंबू मागितलं, तर अंगावर आली. म्हणाली, नाहीत लिंबं, चालती हो."

"संपली असतील."

"संपायला असायला तर हवीत! टोपली नाही, तराजू नाही. बंद दुकानापुढे नुसती खुर्ची टाकून बसते. मासळीवाला म्हणाला, गुडघे गेले तसा तिने धंदाच सोडला. वर्ष होत आलं."

"रोज ओरडते ती. मी ऐकतो."

"तेच तर. दिवसभर गप्प असते. तुम्ही टोपली उचलली की काठी टेकत उभी राहते आणि ओरडायला लागते. तुम्ही गल्लीत वळलात की पुन्हा बसते. ही इथली काही रीत आहे का?"

साव्हेरिओचा हात फडक्याखालीच राहिला. तुकडे अजून कोमट होते. त्याने ते उगाच वरखाली केले.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "जुनी रीत आहे."

बाजार उठायला लागला तेव्हा त्याने टोपली काखेत मारली. तोतोचा सूर आला, नेहमीपेक्षा मोठा. की रोजच एवढा मोठा यायचा? मिम्मोची बोंब तर अगदी कानाशी आली. सगळ्यांचाच संशय यावा असा तो दिवस होता.

"लिंबं! लिंबं घ्या!"

आज तो वळला नाही. आवाजाच्या रोखाने पुढे गेला. आवाज एकदम थांबला.

"पुढे पायऱ्या आहेत, गाढवा," ज्युस्तीना म्हणाली.

"ठाऊक आहे." त्याने टोपली खाली ठेवली. "दोन लिंबं दे."

"संपली."

"कधी?"

"तुला काय करायचंय?"

साव्हेरिओ टोपलीशी उकिडवा बसला. आजोबांनी आणि बापाने जे कधीच केलं नव्हतं, ते त्याने केलं. फडकं धरलं आणि पुरतं बाजूला काढलं. केशराची ऊब त्याच्या तोंडावर आली.

"देवच जाणे म्हणाली होतीस ना? घे, बघ. आणि मलाही सांग काय उरलंय ते. मला दिसत नाही, ज्युस्तीना."

वर्षभर गिळलेलं वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला रडू आवरेना.

काठी भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मग दोन हात खाली आले, त्याच्या हातांतलं फडकं त्यांनी काढून घेतलं, टोपलीवर पसरलं आणि कडा चहूबाजूंनी खोचल्या.

"झाकून ठेव ते," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

तो उठला, नाक पुसलं आणि डावीकडे वळला. पाठीमागून तिने पुन्हा हाक घातली. त्याच्या दाराची कडी वाजेपर्यंत ती लिंबं विकत राहिली.